डब्यातली माणसं

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.२०

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. बायकोने वाचली तर तिची ती जबाबदार.

निमित्त: साहेबांचा हुकूम. शुक्रवार १५ पर्यंत प्रत्येकाने आपापल्या मशीनवर कंटेनर मांडायचे आणि वेबसाइटचं सगळं काम त्यातच करायचं. चालू साइटला कोणी बोट लावायचं नाही. साहेब बोलले सगळ्यांना उद्देशून, पण बघत होते माझ्याकडे. जानेवारीत मी चालू साइटवर थेट एक छोटीशी सुधारणा केली आणि साइट चाळीस मिनिटं बंद पडली. चाळीस मिनिटांत जग बुडत नाही. पण साहेबांनी मनात धरलंय.

आमची साइट म्हणजे डोळ्यांच्या हॉस्पिटलची. पेशंट तिथून तारखा घेतात, बदलतात, रद्द करतात. त्यात अवघड असं काही नाही. मी एकोणीस वर्षं हेच करतोय.

दुपारी

कंटेनर म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवतो. नव्या लोकांना शिकवायची वेळ माझ्यावरच येणार. कंटेनर म्हणजे डबा. एका डब्यात वेबसाइट. दुसऱ्या डब्यात डेटाबेस, म्हणजे पेशंटांची यादी. खरी नाही, नमुन्याची. झाकण बंद. आत काहीही सांडो, फुटो, बाहेरच्या खऱ्या साइटला डाग लागत नाही. संपलं.

निश्चय: बुधवारपर्यंत पूर्ण. मंगळवार संध्याकाळ, खरं तर.

घरी

आईचं ऑपरेशन २१ ला, गुरुवारी, सकाळी साडेनऊ. उजवा डोळा काचबिंदूने गेलाच. डाव्याचं मार्चमध्येच झालं पाहिजे, नंतर आम्ही शब्द देऊ शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे ऑपरेशन करणारे डॉक्टर एकच, आठवड्यातून एकच दिवस येतात. नोव्हेंबरपासून थांबल्यावर मिळालेली तारीख. आई जिन्यात भेटेल त्याला सांगते, माझ्या मुलाच्या साइटवरून मिळाली. फॉर्म बायकोने भरला होता. पण साइट माझी आहे ना!


मंगळवार, ५ मार्च

शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी मनातल्या मनात खात्रीबाई म्हणतो. कुठलंही काम दाखवलं की तिचा एकच प्रश्न, खात्री केलीत ना? मला दहा वर्षांनी ज्युनियर. तिने डबे कसे मांडायचे यावर अकरा पानी सूचना लिहून सगळ्यांना वाटल्यात. अकरा पानं! मी पहिलं आणि शेवटचं वाचलं. शेवटच्या पानावर आहे, अडकलात तर मला विचारा. अडकणार नाही, त्यामुळे विचारायचा प्रश्न नाही.

सामान डाउनलोड करायला लावलं. लॅपटॉपचा पंखा असा काही घोंघावायला लागला की समोरच्या टेबलावरच्याने वळून बघितलं. ४१ टक्क्यांवर थांबलं. ऑफिसचं इंटरनेट. यात माझी चूक शून्य.


बुधवार, ६ मार्च. दुपारी ३

ठरल्याप्रमाणे आज पूर्ण होणार होतं. तत्त्वतः झालंही आहे. फक्त चालत नाही.

एरर: पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे दार. म्हणजे माझ्या डब्याच्या दारात आधीच कोणीतरी उभं आहे. कोण, ते मशीन सांगत नाही. एकेक प्रोग्रॅम बंद करत गेलो. घड्याळ बंद केलं. गाणी बंद केली. तरी दारातला हलेना. दोन तासांनी कळलं, काल मीच एक डबा सुरू करून विसरलो होतो. म्हणजे दार अडवून मीच उभा, आणि बाहेरून दार ठोठावणाराही मीच. या सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान तसं सांगायला तरी हवं होतं.

बायकोचा फोन. आईच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचे कागद फाईलला लावायला सांगितले होते, लावलेस का? लावतो म्हणालो. कामात किती बुडालोय याची घरी कोणाला कल्पना नाही.

नवा निश्चय: शुक्रवार. ठाम.


शुक्रवार, ८ मार्च. संध्याकाळी ५.१५

झालं! पहिल्या फटक्यात!

काल दिवसभर डेटाबेसचा डबा उठायचा आणि तीन सेकंदांत मरायचा. उठ, मर. उठ, मर. चौतीस वेळा मोजलं. आज दुपारी उलगडा झाला, सेटिंगची फाईलच नव्हती. डब्यातल्या साइटने पेशंटांची यादी कुठे शोधायची, तो पत्ता त्या फाईलमध्ये असतो. खात्रीबाईच्या सूचनांत चौथ्या पानावर म्हणे ही फाईल कोरी घेऊन हाताने भरायची असते. बावीस ओळी! कोण भरत बसणार?

माझ्याकडे जुनी फाईल होती. जानेवारीपर्यंत चालू साइटवर काम करताना वापरायचो ती. साहेबांनी पुसून टाका म्हणून सांगितलं होतं, पण चालती वस्तू कोण फेकतं? ती उचलून डब्यात टाकली. सगळे दिवे हिरवे. यादी धडाधड वर आली. १,८१२ पेशंट. याला म्हणतात अनुभव.

खात्रीबाई निघता निघता टेबलाशी थांबली. कुठल्या फाईलने चालू केलंत, असं विचारलं. सेटिंगच्या, म्हणालो. डेटाबेसचा पत्ता बघितलात? खात्री केलीत ना? हो म्हणालो. बघणारच होतो. मनात पक्कं असलं की केल्यासारखंच असतं. ती जरा घुटमळली. मग तिची बस आली.


सोमवार, ११ मार्च. सकाळी ११

विचित्र.

शुक्रवारी यादीत १,८१२ जण होते. आज १,८४६. शनिवार-रविवार ऑफिसला कुलूप, लॅपटॉप कपाटात. डब्याचं झाकण बंद. मग चौतीस माणसं आत शिरली कुठून?

११.४०

बघता बघता १,८४७. माझ्या डोळ्यांसमोर. मी कीबोर्डपासून हात वर करून बसलो होतो.

१२.१५

उलगडा झाला. खात्रीबाईने नमुन्याचे पेशंट आपोआप तयार करणारा प्रोग्रॅम बसवला असणार. तिला विचारलं नाही, उगाच चढून बसेल. पण काम झकास केलंय, हे मान्य करतो. खोटी माणसं, पण किती खरी! एका म्हाताऱ्याने लिहिलंय, सकाळचीच वेळ द्या, दुपारी आणायला कोणी नसतं. एक बाई सकाळपासून नऊ वेळा आली, आपली तारीख उघडून बघितली आणि काही न करता निघून गेली. काय बघत असेल? एकाने तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय, मुलीचं तोंड नीट दिसत नाही. नमुन्याच्या डेटासाठी इतकं लिहायची काय गरज? वाचून अंगावर काटा आला. जरा जास्तच झालंय, असं पुढच्या मीटिंगमध्ये सुचवेन.

दुपारी ३

गंमत! यादीत आईसुद्धा आहे. तेच नाव, वय ७४, डावा डोळा, २१ मार्च, साडेनऊ. म्हणजे ही खऱ्या यादीची कॉपी काढून त्यावर खोटे पेशंट चढवलेत. कॉपीच. दुसरं काय असणार?

सोयीचं झालं. चाचणीसाठी कोणीतरी पेशंट हवाच होता आणि आईची माहिती मला पाठ आहे. 'तारीख रद्द करा' हे बटण आईवर दाबून बघितलं. कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. लिहिलं: चाचणी. लोण्यासारखं चाललं. रिकामी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्यांना दिसायला लागली आणि चार मिनिटांत कोणीतरी उचललीसुद्धा. वा!


मंगळवार, १२ मार्च. सकाळी, घरी

आई फोन घेऊन मागे मागे. काल दुपारी काहीतरी वाजलं, मेसेज असेल, वाच ना जरा. तिला अक्षरं लागत नाहीत, फोन डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरते आणि नाकाने भलतंच बटण दाबते. मला निघायचं होतं. जाहिराती असतात गं, संध्याकाळी वाचतो, म्हणालो. बरं, म्हणाली.

ऑफिस, दुपारी

खात्रीबाई आजपासून तीन दिवस रजेवर, बहीण बाळंत झाली म्हणून. टेबलाभोवती कशी शांतता आहे.

आजची चाचणी धाडसाची. उद्याच्या सगळ्या तपासण्यांच्या वेळा एका झटक्यात पहाटे तीनवर नेल्या. गेल्या! डब्यात असल्याचा हाच तर फायदा. चालू साइटवर असं करायची कोणाची छाती झाली असती?

४.३०

खऱ्या साइटवर काहीतरी बिघडलंय. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंचा साहेबांना फोन. लोकांना उद्या पहाटे तीनला या, असे मेसेज गेलेत. साहेब बाहेर येऊन म्हणाले, चालू साइटला कोणी हात लावलाय का?  मी छातीवर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, मी शुक्रवारपासून डब्यात आहे. वर म्हणालो, चौकशीची जबाबदारी मी घेतो. साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. जानेवारीचा डाग धुऊन निघायला सुरुवात झाली.

योगायोग मात्र असा की, पहाटे तीन! तीच वेळ! मला सुचायला आणि तिकडे व्हायला एकच गाठ पडली.

आईचा मेसेज वाचायचा राहिला. घरी पोचेपर्यंत ती झोपली होती.


बुधवार, १३ मार्च. सकाळी

काल बिघडलेल्या वेळा मी रात्रीच जागेवर आणल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत शाबास म्हटलं. त्यातही एक चमत्कारिक गोष्ट. मी आधी डब्यात दुरुस्त करून बघितलं, आणि खऱ्या साइटवर करायला गेलो तर तिथे आधीच दुरुस्त झालेलं. बोलून दाखवलं नाही. शाबासकी मिळाली होती.

दुपारी

प्रतीक्षा यादी किती जोरात चालते ते मोजायचं ठरवलं. ऑपरेशनच्या तेवीस तारखा एकेक करून रद्द केल्या आणि जागा भरताना बघत बसलो. पहिली सहा मिनिटांत. दुसरी तीन. एक तर अकरा सेकंदांत! कोणीतरी फोन हातात धरूनच बसलं असल्यासारखं. तासाभरात तेवीसच्या तेवीस भरल्या. रद्द झालेल्यांपैकी एकाने पाच मिनिटांत सात वेळा पान उघडलं. मग बंद केलं. हा प्रोग्रॅम फारच बारकाईने लिहिलाय.

५.००

काउंटरवरच्या बाईंचा पुन्हा फोन. खऱ्या साइटवर लोकांच्या ऑपरेशनच्या तारखा आपोआप रद्द होतायत. काउंटरसमोर एक गृहस्थ खुर्चीत बसून आहेत, उठायला तयार नाहीत.

चौकशी अधिकारी या नात्याने मी खऱ्या साइटची नोंदवही उघडली. कोणी केव्हा काय केलं, ते तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक रद्दच्या पुढे एकच नाव. माझं.

 माझा पासवर्ड चोरीला गेलाय. कोणीतरी माझ्या नावाने वावरतंय.

ताबडतोब पासवर्ड बदलला. मग खात्री करायला म्हणून डब्यात आणखी एकाची वेळ पाच मिनिटं पुढे सरकवली. नोंदवहीत बघितलं. नव्या पासवर्डनेही, त्याच क्षणी, त्याच पेशंटची वेळ पाच मिनिटं पुढे. माझ्या नावाने.

म्हणजे तो मला बघतोय. मी डब्यात बोट हलवलं की बाहेर तो बोट हलवतो.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. खिडकीचा पडदा ओढला. साहेबांना सांगितलं नाही, पुरावा जमू दे.


गुरुवार, १४ मार्च. सकाळी ८, घरी

बायकोने आईचा मेसेज वाचला. आपली २१ मार्चची शस्त्रक्रियेची तारीख रद्द करण्यात आली आहे. सोमवारचा मेसेज.

बायको मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. तीन दिवस हा फोन घरात पडून आहे आणि तू साइटवाला! मी काउंटरला फोन लावला. जागा सोमवारीच दुसऱ्याला गेली. त्या डॉक्टरांची पुढची मोकळी तारीख ६ जून. आई पलंगाच्या कडेला बसून बोलणं ऐकत होती. तोंड माझ्याकडे, पण थोडं बाजूला. तिला मी नेमका कुठे आहे ते दिसत नाही.

ती म्हणाली, कारण काय लिहिलंय? बायकोने वाचलं, चाचणी. आई म्हणाली, माझी कसली चाचणी? मी तर कुठे गेलेच नाही.

मी पंख्याकडे बघत होतो.

तो शब्दसुद्धा त्याने माझाच उचललाय. आता हा माणूस माझ्या घरात शिरलाय. माझ्या आईपर्यंत पोचलाय. मी आईला म्हणालो, तू काळजी करू नकोस, त्याला मी शोधून काढणार, नोकरी घालवणार त्याची. आई म्हणाली, असं नको करूस, कोणाचा तरी चुकून हात लागला असेल.

या स्वभावामुळेच लोक तिचा फायदा घेतात.

ऑफिस

भिंतीला पाठ लावून बसलो. मागून कोणी बघणार नाही. दिवसभर डब्यात काही केलं नाही, नुसता बघत राहिलो. बाहेरही दिवसभर काही झालं नाही. तो सावध झालाय.

१,८६३. १,८६४. आत माणसं येतच आहेत. ती नऊ वेळा येऊन जाणारी बाई आज पुन्हा आली. तिची तारीख आता नाही. कालच्या तेवीसांत होती वाटतं. तरी आली आणि पान उघडून बसली. वीस मिनिटं. खोटी असली तरी बंद कर बाई, असं तोंडातून निघून गेलं. समोरच्याने वळून बघितलं.

सेटिंगच्या फाईलवर एक नजर टाकावी, असं एकदा मनात आलं. पण त्या फाईलवरच तर सगळं चाललंय. जिथे चाललंय तिथे कशाला हात घाला?


शुक्रवार, १५ मार्च. सकाळी ९.३०

शेवटची तारीख. साडेअकराला साहेबांना डबे चालवून दाखवायचे.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं: त्याने माझ्या डब्यातही घुसखोरी केली असणार. तेव्हा डबा एकदम रिकामा करायचा. खात्रीबाईच्या सूचनांत तशी एक कमांड आहे, दहाव्या पानावर; हे पान मी वाचलं. सगळी यादी पुसून तीन नमुन्याचे पेशंट भरायचे. साहेबांच्या समोरच करावं. डब्यात माणूस किती निर्धास्त असतो, ते त्यांना कळेल. एका दगडात सगळंच.

दुपारी ४

लिहून काढतो. क्रमाने.

साहेब खुर्ची ओढून बसले. खात्रीबाई रजेवरून आली होती, मागे उभी राहिली. मी डबा, झाकण, डाग, सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, छान सांगता हो. मग कमांड दिली. पडद्यावर आलं: यादीतली सर्व माहिती कायमची जाईल. नक्की? मी साहेबांकडे बघून हसलो. हो दाबलं. तीन सेकंद. १,८७१ वरून ३.

बघा, म्हणालो, सगळं गेलं आणि कोणाला काही झालं नाही.

आत साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. मग साहेबांच्या खिशातला. मग कोपऱ्यातल्याचा.

खात्रीबाई वाकली आणि मला बाजूला न सारता हात लांब करून तिने सेटिंगची फाईल उघडली. पहिलीच ओळ. डेटाबेसचा पत्ता. त्यावर बोट ठेवलं.  

तो पत्ता खऱ्या साइटचा होता. जानेवारीपर्यंत रोज वापरलेला, मला तोंडपाठ असलेला. म्हणजे वेबसाइट डब्यात होती, पण यादी कधी डब्यात नव्हतीच. गेल्या शुक्रवारपासून मी खऱ्या यादीवर बसलो होतो. चौतीस माणसं खरी. नऊ वेळा येणारी बाई खरी. तक्रारीच्या रकान्यातला तो बाप खरा.

दारात उभं राहणारं, माझ्या नावाने वावरणारं, मला बघणारं कोणी नव्हतं. मी एकटाच होतो.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.


शनिवार, १६ मार्च

खात्रीबाईने गुरुवार रात्रीची राखीव प्रत काढून यादी परत भरली. दुपारपर्यंत साइट उभी. म्हणजे बघितलं तर नुकसान जवळजवळ

खोडतो. वाक्य पूर्ण करायचं नाही.

गुरुवारच्या प्रतीत माझे चोवीस जण रद्दच आहेत. बरोबर बटण दाबून, कारण लिहून, रीतसर. त्यांच्या जागा दुसऱ्यांना गेल्यात आणि त्या दुसऱ्यांनाही डोळेच आहेत, त्यांच्याकडून काढून घेता येत नाहीत.

साहेबांनी बोलावलं. डॉक्टरांनी फक्त या लोकांसाठी एक जादा दिवस दिलाय, रविवार २४ मार्च. नऊ जागा. बाकीच्यांना जूनच्या तारखा. चोवीस जणांना सोमवारी तुम्ही स्वतः फोन करायचा, चूक आमची आहे असं सांगायचं, आणि जो हो म्हणेल त्याला जागा द्यायची. क्रम तुम्ही ठरवा. तुमच्या नोकरीचं नंतर बघू.

घरी काही सांगितलं नाही. आईने विचारलं, सापडला का रे तो? म्हणालो, तपास चालू आहे.


सोमवार, १८ मार्च. सकाळी ९

चोवीस नंबरांची यादी समोर. पहिला नंबर आईचा, कारण रद्द तिचीच आधी झाली होती.

विचार केला. घरच्या माणसाला पहिली जागा देणं बरं दिसेल का? लोक म्हणतील, चूकही यानेच केली आणि भरपाईही घरात नेली. तत्त्व म्हणून काही आहे की नाही? आईचा नंबर खाली, शेवटी नेला. तशाही नऊ जागा आहेत आणि लोक अनोळखी फोन उचलत नाहीत. उरतीलच.

१०.३०

सगळे फोन उचलतायत. पहिल्या रिंगला.

एका बाईला सांगितलं, चूक आमची, रविवारी जागा आहे. ती रडायलाच लागली. धन्यवाद म्हणत होती. मला! एकजण म्हणाला, तुमचं नाव सांगा. सांगितलं. तो म्हणाला, लिहून घेतलंय.

पाच गेल्या.

११.०५

सात गेल्या. यादी मधेच थांबवून आईला लावावा का? रिसीव्हर उचललाही. पण तिला काय सांगणार? तो सापडला? आणि कोण, असं विचारलं तर? खाली ठेवला. आधी बाकीच्यांचं उरकू, मग निवांत बोलू.

११.२०

नऊ.

दुपारी २.१०

बाकीच्यांना जून सांगितला. तक्रारीच्या रकान्यातला बाप त्यांच्यातच होता. फक्त बरं म्हणाला आणि बराच वेळ फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

आता एकच नंबर. ऑफिसच्या फोनवरून लावला, म्हणजे माझं नाव दिसणार नाही. नाहीतरी तिला नाव दिसत नाहीच.

तिने उचलला. सकाळपासून तेवीस वेळा म्हटलेलं तेच म्हटलं, आवाज जरा जाड करून. नमस्कार, डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटकडून बोलतोय. आमच्या चुकीमुळे आपली तारीख रद्द झाली. आम्ही दिलगीर आहोत. आपली नवी तारीख ६ जून. ती मधे बोलली नाही. शेवटी म्हणाली, बरं साहेब, तुम्ही स्वतः फोन केलात, बरं वाटलं. आणि ठेवला.

मी डोकं टेबलावर टेकवून बसलो.

दोन मिनिटांत खिशातला फोन वाजला. आई. म्हणाली, अरे, हॉस्पिटलमधून फोन आला होता, ६ जून म्हणतायत. मी म्हणालो, आई, मघाशी मीच बोलत होतो. सगळं मीच केलं, तुझी तारीखही मीच रद्द केली.

ती म्हणाली, मला कळलं. डोळा गेलाय, कान शाबूत आहेत. तू साहेब होऊन बोलत होतास म्हणून मीही साहेब म्हटलं. ते जाऊ दे आता. तू तिथेच आहेस ना? मग बघ ना, जरा लवकरची एखादी जागा मिळते का?

सकाळी नऊ जागा होत्या, म्हणालो.